मुळाबरहुकूम

सत्तावीस वर्षं मी दुसऱ्यांचे निकाल उतरवले.
जिल्हा न्यायालय, नक्कल विभाग, खिडकी दोन.
कुणाची जमीन गेली, कुणाचा नवरा सुटला,
मी फक्त बघायचो, काना राहिला नाही ना,
तारीख तीच आहे ना.
खाली शिक्का. सही. पुढचा.

म्हणून तू भरतीचा अर्ज भरायला बसलास
तेव्हा मी आधी फराळाचा डबा रिकामा केला,
पुसला, उन्हात ठेवला.
दौलतगंजातून तीन फायली आणल्या.
हिरवी त्यांची. निळी तुझी.
तिसरी कशाला, तू विचारलंस.
तिसरी माझी.

'बाबा, पोरं पळायचा सराव करताहेत
आणि तुम्ही मला झेरॉक्सच्या रांगेत उभं करता.'
पळ की. मेळ्याच्या मैदानावर पहाटे पळ,
सोळाशे मीटर तुझे पाय बघून घेतील.
कागदाला पाय नसतात, तरी तो जातो.
एका गठ्ठ्याखाली जातो, वर चहाचा कप बसतो,
आणि मग खिडकीतून कुणीतरी म्हणतं,
'आपका तो आया ही नहीं.'
हे वाक्य मी स्वतः म्हटलंय, सारंग.
किती जणांना, त्याची नोंद नाही.

म्हणून प्रत्येक नकलेच्या पाठीवर पेन्सिलीनं
कुठे दिला, किती वाजता,
घेणाऱ्याच्या चष्म्याची काडी कुठल्या रंगाची.

आणि तो ळ.
पणजोबांच्या मोडीतल्या दाखल्यात आपण पिसाळ,
तुझ्या दहावीच्या अंकसूचीत पिसाल,
आधारवर पीसाल.
मूळ निवासी दाखल्यात तर
'मूळ'मधलाच ळ नाही.
किती पिढ्या लष्करात राहतो आपण,
इथे लष्कर म्हणजे वस्तीचं नाव, भाजीवालीचाही पत्ता तोच.
छावणी पडली होती, ती उठलीच नाही,
तिच्यात दुकानं आली, शाळा आल्या, आपण आलो.
एक अक्षर तेवढं वाटेत सांडलं.
शपथपत्र करायला गेलो तर
टायपिस्टच्या यंत्रात ळ नव्हता.
त्यानं छापून दिलं,
'पिसाल और पिसाल एक ही व्यक्ति है.'
तू हसून हसून बाकावरच बसलास.
मी शाईनं ळ काढला, शेजारी सही घेतली,
आणि तीन नकला.

मार्चात मुरारहून फोन आला.
मूल निवासी फाईलमध्ये नाही. उद्या दहापर्यंत.
तू माझ्याकडे बघितलंस, मी डब्याकडे.
पावती, नक्कल, पाठीवर पेन्सिल :
अकरा जानेवारी, खिडकी चार, बारा वीस, निळी काडी.
तू काही बोलला नाहीस.
जाताना डबा मात्र फडताळावर स्वतः ठेवलास,
झाकण दाबून.

आता तू जबलपूरला. निळी फाईल घेऊन गेलास.
माझी मी रविवारी उघडतो.
उंची एकशे सत्तर.
छाती सत्त्याहत्तर, फुगवून ब्याऐंशी.
डाव्या कानाखाली तीळ.
तुझी आई म्हणते, पाठ झालं असेल एव्हाना.
तपासतोय, म्हणतो मी.

दिवाळीत आलास.
त्या आकड्यात तू मावत नव्हतास.
दाराशी चपला सोडल्यास त्या एका रेषेत,
पाणी उभ्यानं, एका दमात प्यायलास.
मी कानाखाली पाहिलं. तीळ होता.

जेवताना सहज म्हणालास,
'तिकडे एक फॉर्म भरून घेतला.
काही झालं तर कुणाला कळवायचं, असा.
तुमचं नाव घातलंय.
हातानं लिहायचा होता, म्हणून
ळ नीट काढला.'

मी ताकाचं भांडं तुझ्याकडे सरकवलं.
मीठ बघ, म्हटलं, कमी असेल.

त्या कागदाची नक्कल
मी मागितली नाही.